प्रकाश की उजेड

९ मार्च
अण्णांचं गाणं अखेर रेकॉर्ड झालं. अण्णा दर भीमजयंतीला गायचे ते. ते असते तर लेकीचं गाणं ऐकून... असो. यंदा जयंतीच्या आधी रिलीज करायचंच.
फॉर्ममध्ये ‘मूळ गीतकार’ असा रकाना. गिटार आणि मिक्सिंग सचिनकडे (यापुढे स.). म्हणाला, "पारंपरिक टाक की. लायसन्सची कटकट न्हाय." अण्णांच्या गायन पार्टीच्या कॅसेटवरही तेच छापलंय. टाकलं.
शेवटच्या अंतऱ्यात ‘प्रकाश सांगे घराघरांत’चं ‘उजेड सांगे’ केलंय. स.चीच सूचना. ठेक्यात बसतं म्हणे.

१३ मार्च
स.ने शेवटच्या अंतऱ्याचा तुकडा इन्स्टावर टाकला आणि बार्शीहून फोन. कुणी कमलबाई. "गाणं आमच्या मालकांनी लिवलंय. न इचारता कसं गायलीस?"
नाव काय त्यांचं? दोनदा विचारलं. "नाव कसं घिऊ मी? वही हाय. ये हितं, बघून जा."
गीतकार म्हणे, आणि नाव सांगता येत नाही! गाणं चालायच्या आधीच वारस हजर. काहीतरी काळंबेरं आहे.

१६ मार्च
एकटीच बार्शीला गेले. स.ला सांगितलं नाही.
सत्तरीची बाई. वही खरी, कडा कुरतडलेल्या. गाणं आहे, पण खाली सही नाही. तेच बोलले तर म्हणाल्या, "नाव गाण्यातच हाय की," आणि गायला लागल्या. ‘प्रकाश सांगे’ला आल्या तेव्हा लाजल्या. "नवऱ्याचं नाव गाण्यात तेवढं घेते मी. तू नेमकं तेच काढलंस."
मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं मला तो नुसता उजेड वाटत होता.
परवानगी? "त्येंचं नाव घालून गा. मला ऐकीव. मग सही करते." निघताना म्हणाल्या, "तुजे अण्णा यायचे की हितं. ह्याच वहीतनं उतरवून न्हेलं त्येंनी."

१८ मार्च
स.ला सरळ विचारलं. नेमका तोच शब्द कसा खटकला तुला?
"मीच इचारलं हुतं, हा प्रकाश कोण? तू हसलीस. आता माज्यावर ढकलू नको."
हसले असेन. आठवत नाही. की आठवतंय? तो चिडून निघून गेला. नवा टेक करायला येईल का, माहीत नाही.

१९ मार्च
फॉर्ममधलं ‘पारंपरिक’ खोडलं. रकाना रिकामाच आहे.
एकटीच गाऊन बघितलं. ‘प्रकाश सांगे’ला हात आपोआप कानाकडे गेला. अण्णांचा जायचा, दर वेळी, याच ओळीला. मला वाटायचं सूर धरतायत. म्हणजे अण्णांना माहीत होतं. मग कॅसेटवर पारंपरिक कसं? कंपनीने छापलं, की कुणी विचारल्यावर अण्णाच...
स.वर संशय घेणं सोपं होतं. गुरूचं नाव घेताना कानाला हात लावतात. चूक कबूल करतानाही लावतात. अण्णा कशासाठी लावायचे?