तुझ्या लेकीला सायकल शिकवण्याबाबत

प्रिय ताई,

नमस्कार. (वाकून केला आहे असं समज. गुडघ्याला पट्टी असल्यामुळे प्रत्यक्षात अर्धंच वाकता आलं.) भावोजींची पाठ आता कशी आहे? जड सामान उचलण्याआधी वजन विचारत जा म्हणावं. तुझी लेक मजेत आहे. जेवते, झोपते आणि माझ्या चुका काढते.

तिला माझ्याकडे सोडताना तू म्हणालीस, "ही एकदा पडली की सायकल सोडून देते. तुझी चिकाटी पंधरा दिवसांत हिला थोडी लागू दे." (परीक्षांच्या बाबतीत माझी चिकाटी मान्य.) शिवाय दोन पानी सूचना दिल्यास: उचलायला धावू नकोस, 'हुशार आहेस' म्हणू नकोस, प्रयत्नाचं कौतुक कर, रोज मनात काय चाललंय ते विचार. मी वजनकाटे तपासणारी बाई. लेखी सूचना असल्या की मला बरं वाटतं. पहिल्या दिवसापासून मी तिच्या सायकलची बाजूची छोटी चाकं गुपचूप दोन-दोन मिलिमीटर वर चढवत गेले. ती टेकायची कधी थांबली हे बाईसाहेबांना कळणारही नाही, असा बेत होता. चौथ्या दिवशी तिने उतरून चाकाखाली बोट घालून पाहिलं. "मावशी, तू चाकं उचलतेयस! मला विचारायचं ना!" आणि रस्त्याकडेला मांडी घालून बसली, ती अर्धा तास उठली नाही. (घड्याळ पाहिलं.) मग म्हणाली, "आधी तू चालवून दाखव."

इथे मला सांगावं लागलं की मला सायकल येत नाही. लहानपणी तू शिकवत असताना मी एकदा पडले आणि घरी येऊन सायकल हे मुळातच अस्थिर यंत्र आहे असं सगळ्यांना पटवलं, हे तू तिला आजवर सांगितलं नव्हतंस, त्याबद्दल आभार. तिला मात्र ही बातमी ऐकून भलताच हुरूप आला. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंची सायकल तिने माझ्यासाठी मागून आणली (पट्टीही त्याच घरून येते), स्वतःची चाकं मला काढायला लावली आणि "दोघी पडू" असं जाहीर केलं. ती सात वेळा पडली आणि तीन दिवसांत चालवू लागली. तेव्हापासून ती मला शिकवते. मी पडले की उचलायला येत नाही. हाताची घडी घालून म्हणते, "प्रयत्न छान होता हं. आता कसं वाटतंय?" परवा मी "ठीक" म्हणाले, तर म्हणे, "ठीक हे काही वाटणं नसतं. नीट सांग." शेवटी भर रस्त्यात, नर्सबाईंच्या देखत, मी सांगितलं की मला लाज वाटते आहे. तिने समजूतदारपणे मान हलवली. "मलाही वाटायची. चल, बस सीटवर." ऑफिसातल्या माझ्या साहेबांना पाच वर्षांत माझ्याकडून एवढं काढून घेता आलेलं नाही.

तर तुझं काम झालं आहे. ठरल्याप्रमाणे रविवारी तिला न्यायला ये.

तुझी धाकटी

ता. क. रविवारची घाई करू नकोस. मला वळता येईपर्यंत ती इथून हलणार नाही म्हणते. काम अर्धवट टाकायचं नसतं म्हणे. आता मी कोणत्या तोंडाने तिला घालवू? शाळा सुरू व्हायला अजून बारा दिवस आहेत.

आणखी एक ता. क. वळणं मला मंगळवारीच जमलं, ती नर्सबाईंकडे गेली होती तेव्हा. आज सकाळी मी दोनदा मुद्दाम पडले. तिला सांगू नकोस.