दत्ताचा खो

७ डिसें., रविवार
काल दुपारी चारला पंचाची कॉलर धरली. तिथून सगळं बिघडलं.
चुडाव्याच्या मैदानावर सरावाचा सामना होता. वसतिगृहाची नऊ पोरं, ऐकू कुणालाच येत नाही. खो-खोत नुसता पाठीला हात लावून भागत नाही, तोंडानं 'खो' म्हणावं लागतं. बाकीचे कसंबसं म्हणतात. दत्ता नुसते ओठ हलवतो. पंचानं चारदा फाऊल दिला. पाचव्यांदा मी आत. आरडाओरडा, त्याचं बटन तुटलं, आमचा संघ मैदानाबाहेर.
वसतिगृहाच्या मोठ्या बाई म्हणल्या, "पोरं खेळायला गेलती का तू भांडायला, गणेश?"
२१ ला तिथंच स्पर्धा. पंच तोच. निरोप आला: पोरांना पाठवा, त्या पोराला नको. तो पोरगा मी.
कॉलेज पण असंच सुटलं. सेकंड इयर, प्रॅक्टिकलला सरांशी वाद, बॅग उचलली अन् निघालो. घरी बापू अजून धड बोलत नाहीत. तीन महिन्यांपासून इथं वसतिगृहात पोरं सांभाळतो.

८ डिसें.
आज जे केलं ते लिहायची लाज वाटायलीय.
जेवणं झाल्यावर हॉलमधे माधवनं मला धरलं. कॅप्टन तो. हातांनी म्हणाला, "तू आमच्यासाठी नाही भांडलास. तुझा राग आला म्हणून भांडलास. आम्हाला खेळायचं होतं." बाकीचे मान हलवायलेत. माझं डोकं सटकलं. लाइटच्या बटणाजवळच उभा होतो. लाइट बंद केली.
अंधार. माधवचं वाक्य अर्धं हातातच राहिलं.
मिनिटभरानं लावली. नऊ जण माझ्याकडं बघत. दत्तानं स्वतःच्या तोंडावर हात दाबून दाखवला, मग माझ्याकडं बोट. म्हणजे, तू आमची तोंडं दाबलीस.
माधवनं तिथंच माझं नाव ठेवलं. इथं प्रत्येकाला खुणेचं नाव असतं, मला तीन महिने नव्हतं. नाकाच्या शेंड्यावर बोट, त्यातून जाळ. हे माझं नाव.

९ डिसें.
सकाळी कान धरून उभा राहिलो, उठाबशा काढल्या. माफीचं माझ्याकडं तेवढंच. दहाव्या उठाबशीला पाठीत चमक भरली, तसाच बसलो खाली.
दत्ता हसला. मोठ्यानं! जाड, गच्च आवाज. खिडकीवरची कबुतरं उडाली. हसला तसा लगेच तोंडावर हात.
हा आवाज? आणि पंचाला ऐकू जात नाही?

११ डिसें.
माधवनं सांगितलं. दत्ता लहान असताना गावात आवाज काढला की पोरं नक्कल करायची. तेव्हापासून बंद.
पूर्ण्याच्या बाजारातून फुगे आणले. फुगा छातीशी धरायचा, ओरडायचं, आवाज बोटांना लागतो. मोठ्या बाईंची युक्ती. मी आधी. "खोऽ!" मग माधव. मग सगळे. दत्तानं फुगा घेतला, भिंतीकडं तोंड केलं. मग फुगा हलला. त्यानं बोटांकडं असं पाहिलं, जशी ती दुसऱ्याचीच आहेत.
शेजारच्या काकू कुंपणावरून, "अगं बाई, म्हशीला काय झालं काय?" मी तोंड उघडलं. माधवनं लांबूनच नाकावर बोट ठेवलं. मिटलं.
"काही नाही काकू, सराव चालूय." हे मी बोललो. मी!

१४ डिसें., रविवार
शीतल आली. माधवची मोठी बहीण, तिला ऐकू येतं. येलदरीकडून दोन एसट्या बदलून, घरच्या शेळीच्या दुधाचा खरवस घेऊन. तिचे हात बोलताना मला दुसरं काही दिसत नाही.
चार दिवस माधवकडून एक वाक्य घोटून घेतलं होतं: तुम्ही मला आवडता. आज डब्बा परत देताना करून दाखवलं. तिनं डोळे मोठे केले. हातांनी म्हणाली, "डॉक्टरला दाखवा." मागं नऊच्या नऊ पोरं जमिनीवर लोळायलेत.
बेट्या माधवनं मला 'माझी शेळी आजारी आहे' शिकवलं होतं.
जाताना गेटवर ती तोंडानं म्हणाली, "जपा बरं शेळीला." कान अजून गरम आहेत. पण राग आला नाही. तपासून पाहिलं, खरंच नाही.

१७ डिसें.
पॅसेंजरनं चुडाव्याला. पंचाच्या घरी. म्हातारा ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होता. उठला नाही.
"पुन्हा कॉलर धरायला आलास का?"
"माफी मागायला आलोय, काका."
आत गेला, तो शर्ट आणला, सुईदोरा आणला. "लाव बटन."
लावलं. दोनदा बोट टोचलं. तो बघत होता, शेंगा सोलत होता. मग मी सांगितलं, पोरांना शिट्टी ऐकू येत नाही, फाऊल झाला तरी पळत राहतात. म्हणाला, "मंग आधी बोलायचं न्हाई का? शिट्टीसंगं झेंडा दावतो." पण खो ऐकू आला पाहिजे, त्यात सूट नाही. "सूट दिली तर जिंकल्यावर लोक म्हणतील, दया केली."
"अन् तू बी ये, पण रेषेच्या भाईर. एक पाय आत टाकला की तुझा संघ घरी."
निघताना शेंगा दिल्या पिशवीभर.

२० डिसें.
दत्ता दहापैकी सातदा 'खो' म्हणतो. आपल्या पोरांत. उद्या अख्खं गाव असेल, हसणारे पण असतील. तो म्हणेल का, माहीत नाही. मी रेषेबाहेर थांबेन का, तेही.
पोरांनी ठरवलंय: मी माधवच्या समोरच्या बाजूला बसायचं. राग आला की फक्त त्याच्याकडं बघायचं.
माझं खुणेचं नाव बदला म्हणलं. माधव म्हणाला, "उद्या बघू."
शीतलचा मेसेज. चुडाव्याला येतेय, थेट मैदानावर. खाली: शेळी कशी हाय?

२१ डिसें., पहाटे
लाइट दोनदा चालू-बंद करून पोरं उठवली. इथं असंच उठवतात. दत्ता आधीच जागा, खिशात न फुगवलेला फुगा. विचारलं, भीती वाटते? त्यानं माझ्याकडं बोट केलं. तुला?
सगळे गेटवर उभेत, गाडीला अर्धा तास. मी पण इथंच, उभ्या उभ्या लिहितोय. निघताना हॉलची लाइट तेवढी राहिली होती. बटणावर हात ठेवला आणि मागं वळून पाहिलं, कुणी बोलत तर नाही ना.
कुणी नव्हतं. लाइट बंद केली, बाहेर आलो, दार लावलं.