तीन सेंटिमीटर उलटा उतार

आई, परवाच्या गुरुवारी तुझ्या मैत्रिणींनी मला बोलावलं आणि मी गेले. याआधी दोनदा बोलावलं होतं, तेव्हा साइटवर काम आहे असं कळवलं. काम खरंच होतं. चाकणला कारखान्यांच्या शेडची फरशी ओततात, ती पातळीत बसली की नाही हे तपासायची नोकरी मी करते. एकच ठिकाण मी तीनदा मोजते म्हणून सुपरवायझर हसतात. काळेवाडीत खोली घेतली आहे, एकटी राहते. तुला जाऊन अकरा वर्षं झाली, यातलं तुला काहीच माहीत नाही, म्हणून आधी एवढं सांगितलं.

तुम्ही सहाजणी होतात, सहा गावांच्या सरपंच. बायकांसाठी राखीव झालेल्या खुर्च्या, आणि पहिल्या दिवशी कुणालाच ठरावाचा कागद कुठून वाचायचा तेही ठाऊक नव्हतं. तालुक्याने तुम्हाला राजगुरुनगरहून एका बसने कुठलंसं आदर्श गाव बघायला नेलं होतं. रंगवलेल्या भिंती, बक्षिसांचं कपाट, दोन तासांचं भाषण, शेवटी शाल आणि नारळ. परत आल्यावर तू ओट्यावर नारळ आपटलास. "नारळ लई झालं घरात. तिथं समदं जमलेलंच दावलं. फसतं कुठं, ते कोन सांगनार?" नदीपलीकडच्या गावच्या सरपंच मावशी तेव्हा आपल्या स्वयंपाकघरात चहा पीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "फसलेलं बघाया येवढ्या लांब कशाला जायाचं बाई? माझ्या गावात चल. पोटभर दावते."

तिथून ते गुरुवार सुरू झाले. शेजारच्या दादाची जीप आठवडाभर कामगारांची ने-आण करायची आणि गुरुवारी कंपन्यांना सुट्टी असल्यामुळे मोकळी असायची. दर महिन्याला एक गुरुवार, एक गाव. त्या गावाने आधी आपलं फसलेलं काम दाखवायचं, चांगलं नंतर, वेळ उरला तर. आणि एक नियम तू घातला होतास: चूक ज्याची, तोंड त्याचं. दुसऱ्याच्या नावाने कुणी बोट दाखवायचं नाही. मावशींच्या गावात गळकी पाण्याची टाकी बघायला तुम्ही गेलात, तेव्हा त्यांचे ग्रामसेवक आपणहून पुढे आले आणि म्हणाले की जागा मी सुचवली होती, माती न तपासता. कुणी हसलं नाही. पुढच्या गावात टाकी बांधताना आधी खड्डा खणून माती पाहिली गेली. तू हे घरी येऊन मला सांगायचीस आणि मी पुस्तकातून डोकं वर न काढता ऐकायचे. मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते. सहा बायका आणि एक जीप, यातून काय शिकणार, असं मला वाटायचं.

मग आपली गटाराची लाइन आली. खालच्या आळीत भाडेकरूंच्या खोल्या होत्या, लातूर-बीडकडून कंपनीत कामाला आलेली कुटुंबं, आणि त्यांचं सांडपाणी उघड्यावरून वाहत होतं. तालुक्याचे इंजिनिअर आठवडेच्या आठवडे मोजणीला येत नव्हते. तू भर सभेत म्हणालीस, "माझी लेक करंल की." मी म्हणाले, "एका दिवसात करते." कॉलेजातून जमिनीची उंची मोजायची लेव्हल मागून आणली, जिला सगळा गाव दुर्बीण म्हणत होता. शाळेच्या पायरीपासून सुरुवात केली, पंचायतीचे शिपाईकाका मापाची पट्टी धरून उन्हात उभे. संध्याकाळी मी कोणत्या चेंबरला किती खोल खणायचं याचा तक्ता तुझ्या हातात दिला. तू तो वाचू शकत नव्हतीस, तरी दोनदा खालपासून वरपर्यंत पाहिलास. त्या तक्त्यावर पाइप पुरले गेले. खालच्या आळीतल्या दोन चेंबरांच्या मध्ये पाइप पुढे पंधरा सेंटिमीटर उतरण्याऐवजी तीन सेंटिमीटर वर चढला होता. पंधरा दिवसांत पाणी तुंबून खोल्यांच्या मोऱ्यांतून उलटं वर आलं.

एक बाई आठवते. लातूरकडची, कडेवर दोन महिन्यांचं मूल, नवरा सेकंड शिफ्टला गेलेला. पिठाचा डबा, शेगडी, सगळं कॉटवर चढवून ठेवलेलं. ती भांडली नाही. तुला म्हणाली, "बाई, सैपाक कुठं करू तेवढं सांगा." तू तिला आपल्या घरी आणलंस. आठ दिवस ती आपल्या चुलीवर भाकरी करत होती. मी त्या आठ दिवसांत हॉस्टेलवरून एकदाच आले, आणि ती दिसली म्हणून मागच्या दाराने आत गेले.

पुढचा गुरुवार आपल्या गावाचा होता. तू पुढे ढकलू शकली असतीस. मी तसं सुचवलंही. तू म्हणालीस, "मंग इतके दिस दुसऱ्यांच्या गावात काय बघत हिंडले मी?" पाचीजणी चेंबरभोवती उभ्या राहिल्या, नाकाला पदर लावून. झाकण काढलेलं. तू सांगत होतीस, "पाइपात खोट न्हाई. ठेकेदारानं कागदावर हुतं तेवढंच खणलं. मापात चूक हाय." आणि थांबलीस. मी भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभी आहे. तू चेंबरमध्ये बघते आहेस. तुला तेव्हा चालल्यावर दम लागायचा, मला वाटलं दम लागला असेल. मला तसंच वाटून घ्यायचं होतं. मग तू म्हणालीस, "माझीच घाई झाली. माझं चुकलं." मावशींनी लगेच विचारलं, "झाकायच्या आधी पानी सोडून बघितलं न्हाई व्हय?" "न्हाई." "बरं. आमच्याकडं आमी सोडून बघू." त्यापलीकडे त्या दिवशी कुणी काही विचारलं नाही.

तुझ्यावर अविश्वासाचा ठराव त्यानंतर महिन्याभरात आला. तुझे विरोधक त्याच वाक्यावर उभे राहिले: सरपंचबाईंनी पाच गावांच्या बायकांसमोर स्वतःच कबूल केलंय. हात वर झाले. तू घरी आलीस, ओट्याशी उभी राहून भांडंभर पाणी प्यालीस आणि मला म्हणालीस, "ते दुर्बिणीतलं कसं बघत्यात गं? मला एकदा शिकव. बाकीच्या गावांना सांगता यील, कुठं लक्ष ठिवायचं ते." मी म्हणाले, "परीक्षा झाल्यावर." परीक्षा झाली. नंतर मला नोकरी लागली. खुर्ची गेली तरी तू जीपमध्ये बसून जातच राहिलीस, आणि दर महिन्याच्या त्या गुरुवारी संध्याकाळी फोनवर मला सांगत राहिलीस की अमक्या गावात पाणी सोडून बघितलं, तिथं बरोबर निघालं. दोन वर्षांनी ताप आला. पिंपरीच्या दवाखान्यात चार दिवस. चौथ्या दिवशी तुला बोलता येत नव्हतं, मला येत होतं. मी नर्सला सलाइनचा वेग विचारत होते.

परवा मावशींच्याच गावात गेले. त्यांची सून आता तिथे सरपंच आहे. नव्या सात-आठ बायका, दोघी तर माझ्याहून लहान. त्यांच्याकडे लाइन टाकायची आहे, म्हणून मला उतार समजावून सांगायचा होता. मी लेसर लावून दाखवला. एक म्हणाली, "ताई, येवढ्याशा तांबड्या ठिपक्यावर पाच लाकाची लाइन?" सगळ्या हसल्या. मग मावशींनी त्यांना तुझी गोष्ट सांगितली. इथे प्रत्येक गावात झाकण्याआधी पाणी सोडून बघायची रीत तुझ्यामुळे पडली आहे, आणि मोजणी दोघांनी वेगवेगळी करायची. तुझं नाव घेऊन सांगतात. एका पोरीने ते वहीत लिहून घेतलं.

निघताना मावशी माझ्याबरोबर गाडीपर्यंत आल्या. गुडघ्यावर हात ठेवून चालतात आता. म्हणाल्या, "तुझ्या आईला दुर्बिणीतलं काय कळत हुतं गं? आमाला ठावं न्हवतं व्हय कुनी मोजलं ते? त्या दिवशी आमी पाचीजणी तुझ्याकडंच बघत हुतो. ती तेवढी बघत न्हवती." मी गाडीची किल्ली हातात धरून उभी. "त्या दिवशी घरी जाताना इचारलं मी तिला, कशाला अंगावर घेतलंस? तर म्हनली, पोरगी बोलंल. येळ लागंल, पर बोलंल. पुढच्या गुरुवारी यील माझ्यासंगं." आणि मग त्या सहज म्हणाल्या, जशी हवापाण्याची गोष्ट सांगावी तशा, "दोन वर्सं जीपमधी तुझी जागा धरून बसायची. कुनाला टेकू द्याची न्हाई."

तेव्हा मी बोलले. मोजलं मी होतं, मावशी, चूक माझी होती. एवढंच वाक्य, अकरा आणि दोन, तेरा वर्षांनी. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "चूक समद्यांची हुती बाळा. पोर हुतीस तू." सून दारातून चहाला हाका मारत होती. मी आत जाऊन चहा घेतला आणि चाकण चौकातल्या गर्दीत दीड तास अडकून घरी आले. हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, आणि का वाटलं नाही ते मला त्या गर्दीतच कळलं होतं.

मोजणी जिथून सुरू करतो तिथे शेवटी परत यायचं असतं. पहिल्या जागेची उंची पुन्हा तीच आली, तर मधलं सगळं बरोबर. त्या संध्याकाळी मी शाळेच्या पायरीवर परत आले तेव्हा अठरा सेंटिमीटरचा फरक होता. पुन्हा मोजायला दुसरा दिवस लागला असता, आणि मी एका दिवसात करते असं सगळ्यांसमोर म्हटलं होतं. शिपाईकाकांनी पट्टी खाली ठेवून विचारलं, "जुळलं का?" मी शेवटचा आकडा बदलला आणि जुळलं म्हणाले. मावशींना मी चूक सांगितली, त्यांनी चूक माफ केली, आणि ती पोरगी वहीत लिहिते आहे की दोघांनी मोजलं की चूक सापडते. मला ती सापडली होती, आई. तक्ता तुझ्या हातात द्यायच्या आधी.