चौकटीवरचं लोणी

हॅमरफेस्ट, उत्तर नॉर्वे,
सोमवार, १८ जानेवारी १९९३

प्रिय रिस्तेनताई,

पाकिटावर तुझं चर्चमधलं नाव, क्रिस्टीने, घातलंय. पोस्टमनला दुसरं कळणार नाही, असं आधी मनाशी म्हटलं. पण ते खोटं आहे. पोस्टाच्या खिडकीवर शेजारपाजारच्या बायका उभ्या असतात आणि त्यांच्यादेखत आपल्या सामी जमातीतलं नाव लिहिलेलं पाकीट पुढे करायची माझी अजून हिंमत नाही. आत मात्र आई हाक मारायची तेच नाव लिहिलं आहे. निम्मी तरी सुधारले म्हण.

मी ठीक आहे. गुडघे कुरकुर करतात. मासळीच्या कारखान्यात तीस वर्षं ओल्या फरशीवर उभं राहिल्यावर दुसरं काय होणार. माझा नवरा आर्विड जाऊन दोन वर्षं झाली. तुला कळवलं नाही, कारण तू येशील याची भीती वाटली आणि येणार नाहीस याचीही. लेक मोना जवळच राहते, तिची तुवा नऊ वर्षांची आहे, तोंडाळ आहे, तुझ्यावर गेली आहे. दोन महिने सूर्य नाही, त्यामुळे सगळं गाव चिडचिडं झालंय. गुरुवारी येईल म्हणतात. शाळेची पोरं नेहमीसारखी टेकडीवर बघायला जाणार आहेत.

आता जे लिहायचं ते लिहिते, नाहीतर पान हवापाण्यातच संपेल.

तुवानं शाळेत सामी भाषा घेतली आहे. मला न विचारता. मी मोनाला म्हटलं, "काय करायचंय ते शिकून? मासे का सामी बोलतात?" ती म्हणाली, "आई, तुझं काय जातंय?" काल रविवारी दोघी नाश्त्याला आल्या होत्या. तुवाचं डोकं त्या पुस्तकात. मान वर न करता म्हणते, "आजी, वुओद्या दे ना."

मी लोण्याची बशी उचलली आणि तिच्यापुढे ठेवली.

ताई, मी ठरवून काही केलं नाही. हात आपसूक गेला. मोनाचा घास हातातच राहिला. तुवा म्हणाली, "आजी, मी सामीत मागितलं. तुला कसं कळलं?"

"तू लोण्याकडेच बघत होतीस."

"मी पुस्तकात बघत होते."

मी उठून भांडी घासायला लागले. घासलेलीच भांडी पुन्हा घासली.

आई गेल्यावर तू तीन पत्रं पाठवलीस आणि तिन्हींत एकच विचारलंस, शेवटी ती काय बोलली. मी लिहिलं, शांतपणे गेली, काही बोलली नाही. ते खरं नाही. ती तीन दिवस बोलत होती.

सूर्य यायच्या दिवशी ती काय करायची, तुला माझ्याहून जास्त आठवत असेल. दोन बोटांवर लोणी घ्यायचं, दाराच्या चौकटीवर ओढायचं, म्हणजे सूर्य चाटेल आणि त्याच्या अंगात ताकद येईल. ओढताना काहीतरी पुटपुटायची. बाबा म्हणायचे, "सूर्य लठ्ठ झाला, आता पोरींच्या पावालाही लाव." महायुद्धात जर्मनांनी जाताना गाव जाळलं, कबरस्तानातलं चर्च तेवढं उरलं, आणि आपण परत येऊन फळ्यांच्या बराकीत राहिलो. रेशनच्या लोण्यातलंही तिनं त्या फळीला लावलं होतं. बोटावर उरलेलं कोण चाटणार म्हणून आपण एकमेकींच्या झिंज्या उपटल्या होत्या. आणि त्याच बराकीत तिनं सांगितलं, गावात नॉर्वेजियनच बोलायचं, आपलं ते दाराच्या आत ठेवायचं. मी ऐकलं. तू ऐकलं नाहीस.

हॉस्पिटलात तापामुळे तिचं नॉर्वेजियन पार गळून गेलं. ती दाराकडे बघून दोन बोटं वर करायची आणि म्हणायची, वुओद्या. पुन्हा पुन्हा तेच. नर्स दक्षिणेकडची, कोवळी मुलगी, जीव लावून करायची. तिनं मला विचारलं, "काय मागताहेत हो आई? ही कुठली भाषा?" पलीकडच्या खाटेवर आमच्या मुकादमाची बायको होती. तिनंही कान टवकारले.

मी म्हटलं, "कुठली नाही. तापात बरळते आहे."

नर्सनं पाणी दिलं. उशी बदलली. आईनं तिचा हात बाजूला सारला आणि माझ्याकडे बघितलं. मला कळत होतं, ताई. पावासोबतचं लोणी तिच्याच ताटात होतं, हातभरही लांब नव्हतं. मला फक्त उठून तिची बोटं त्यात बुडवायची होती. तीन दिवसांत मी ते केलं नाही. वीस तारखेला ती गेली. एकवीसला सूर्य आला, तेव्हा मी तिचे कपडे आणायला घरी जात होते.

आणि मग तू आलीस, सामी वस्तीच्या कारास्योकहून, आपला निळा पोशाख घालून, लाल काठाचा. चर्चच्या पायरीवर मी माझा राखाडी कोट काढून तुझ्या अंगावर घातला आणि गळ्यापर्यंत बटणं लावली. "थंडी आहे," म्हटलं. विधी संपल्यावर कोट खुंटीला अडकवून दुपारच्या बसनं निघून गेलीस. पस्तीस वर्षं झाली. तो कोट मी पुढे नऊ हिवाळे वापरला. फाटेपर्यंत वापरला, टाकवला नाही.

मी तुझी माफी मागते आहे. आईची मागायची ती कशी मागू, मला कळत नाही.

काल संध्याकाळी तुवाला सगळं सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, "मग गुरुवारी आपण लावू." लोणी आहे, दार आहे, बोटंही आहेत. शब्द नाहीत. आई काय पुटपुटायची, मला आठवत नाही. चाल येते, ओठ हलतात, आत काही नाही. तुवाच्या पुस्तकात ते नाही, तिच्या बाईंनाही ठाऊक नाही. ते शब्द आता फक्त तुझ्यापाशी आहेत. खाली फोन नंबर लिहिला आहे. माझ्याशी बोलायचं नसेल तर तुवाला सांग आणि ठेवून दे, मी खोलीबाहेर जाईन.

आणि येणार असलीस तर बसमधून उतरताना कोट अंगात घालू नकोस. थंडी असणार, माहीत आहे. हातात धर. मी स्टँडवर असेन, सगळ्यांच्या देखत उभी.

तुझ्या पाठोपाठ आईनं बोट धरून चालवलेली,
एल्ले

(हे माझं सामी नाव मी जन्मात पहिल्यांदा लिहिलं. कसं लिहायचं ते तुवानं दाखवलं.)