सत्कार उतरल्यावर

देवपूर, धुळे
ता. २ मे

ती. रोहिदासनाना यांस,
भाचा लीलाधर याचा साष्टांग नमस्कार. मामींचा गुडघा, तुमचं बीपी आणि धरणगावचं ऊन, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. (इथं पारा चव्वेचाळीसवर आहे आणि मी लोकरीचे मोजे घालून पाहतो आहे. तुमची भाचेसून हेमलता माझ्याशी बोलत नाही. तिची चूक नाही.)

जूनमध्ये पुन्हा हिमालयातल्या त्याच शिखरावर निघतोय. या खेपेला तयारी शहाण्या माणसासारखी केली आहे. रोज पहाटे पाठीवर पंधरा किलो ज्वारी बांधून लळिंगचा किल्ला चढतो. (परवा एका गुराख्यानं विचारलं, दळण कुठं नेता?) हृदयाची तपासणी झाली, विमा झाला, उंचीची सवय व्हायला वाटेत चार दिवस जास्त धरले. आणि दुपारी एक वाजला की असू तिथून माघारी, हे हेमलताला चक्क स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं.

गेल्या वर्षीही एक वाजताचाच नियम होता. पण निघण्याआधी तुम्ही माझा आणि माझा मित्र प्रेमराज याचा धरणगावात सत्कार केलात. शाल, श्रीफळ, हार, चौकात प्रत्येकाचं बॅनर आणि त्यावर 'शिखरवीर'! (शिखर आम्ही तोवर फोटोतच पाहिलेलं.) एक वाजला तेव्हा टोक समोर दिसत होतं आणि खालून ढग चढत होते. गाइड थांबला, मी थांबलो. प्रेमराज म्हणाला, "सत्कार व्हई गया भो, आते मांगे कसा फिरू? बठ्ठं गाव वाट देखी ऱ्हायनं." आणि गेला. नवव्या दिवशी सापडला. चौकात त्याचं बॅनर तेच राहिलं, फोटोही तोच. तुमच्या मंडळानं फक्त 'शिखरवीर'वर 'श्रद्धांजली'चा कागद चिकटवला. नाना, मला त्याचा हात धरता आला असता. नाही धरला. दोघांपैकी एक तरी वर गेला तर सत्काराची लाज राहील, असं मनात आलं. ते मनातून जात नाही.

तुम्हाला दोष देत नाही, कौतुकानंच केलंत. पण शनिवारी पुन्हा सत्कार ठेवलाय म्हणे. तो रद्द करा. शाल आणली असेल तर मामींना द्या.

आपला,
लीलाधर

ता. क. रद्द करणं जमत नसेल तर मला गोवर आलाय असं सांगा. (वय बेचाळीस, पण मंडळ विचारणार नाही.)

ता. क. दुसरा : खरं काम हे. वर गेल्यावर मी स्टॅम्पपेपरला जुमानणार नाही, मला मी ठाऊक आहे. गाइडकडे सॅटेलाइट फोन असतो, त्याला तुमचा नंबर दिलाय. शिखराच्या दिवशी एक वाजता फोनजवळ बसा. शिखर किती राहिलं ते विचारू नका. गळ्यात हार तुम्ही घातला होता, तुमचंच ऐकेन. एवढंच म्हणा, "लीलाधर, घर ये."