मच्छरदाणीतलं दार

अवो मुन्नाचे बाबा,

तुमाले पत्र लिहाची ही माझी पहिलीच खेप. आजवर गरजच नाही पडली, कारण तुमी कुठं गेलेच नाही. घर ते तलाव अन् तलाव ते सिहोऱ्याचा बाजार, एवढाच तुमचा मुलूख. आता गेले तर असे गेले की फोनही लागत नाही, म्हणून मुन्नाच्या शाळेतला जुना पेन झटकून बसली आहे.

उगाच नाही बसली पण. आज दुपारी तुमची चोरी सापडली. भांडाले समोर माणूस नाही, म्हणून कागदावर भांडून राहिली. तुमाले सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून ऐका. जन्मभर मी तुमच्या जाळ्याच्या अन् तलावात वल्हवाच्या डोंग्याच्या गोष्टी ऐकल्या, आता एक दिवस तुमी माझं ऐका.

झिंगी घरात आली तो दिवस आठवते का? मुठीएवढं पिल्लू, तुमी तलावावरून आणलेल्या झिंग्यांच्या टोपलीत शिरून बसलं होतं. मी ओरडीन ओरडीन म्हणेपर्यंत अर्धे झिंगे फस्त. मी झाडू उचलला तर तुमी हसून म्हटलं, "राहू दे वं, झिंगे खाल्ले तर झिंगीच झाली ते." नाव तुमी ठेवलं, हे लक्षात असू द्या. पुढं तिले काळी पोरगी झाली, कानाचे टोक शिंगाड्यासारखे, तर मी तिचं नाव शिंगाडी ठेवलं. दोघींचीही नावं तलावातलीच. मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरच्या मांजरी, दुसरी काय नावं असणार?

मग थंडी पडली. मी म्हटलं, दोघी ओट्यावर कुडकुडतात, खोलीत झोपू देऊ. तर तुमचा चेहरा असा झाला, जसं मी खाटेवर म्हैस बांधाले सांगितलं.

"मांजर चुलीपाशी ठीक, ओट्यावर ठीक," तुमी म्हटलं. "खाटेवर चढली का मी डोंग्यात झोपाले गेलो समज."

"अन् दिवसभर मासोळीत हात घालता तो वास चालते तुमाले?"

"मासोळी खाटेवर नाही येत."

वरून डासांचं कारण. तलावाकाठचं गाव, डास तर आपल्याकडे पाहुण्यासारखे नाही, घरच्यासारखे राहतात. म्हणून तर दोघांच्या दोन खाटा अन् दोन मच्छरदाण्या. तुमी म्हणत, मांजर मच्छरदाणीत आली का तिच्यामागून सारं गाव आत आलं. मी खूप भांडली. दोन दिवस तुमच्या भाजीत मीठ टाकलं नाही. तुमी बिनमिठाची भाजी खाल्ली, पण हो म्हटलं नाही. हरली मी, अन् त्या दिवसापासून मांजरी ओट्यावर, असं मी समजत होती.

मग चैतात तुमी गेले. दुपारी जेवले, "जरा पाठ टेकतो" म्हटलं, अन् टेकली ते टेकलीच. असं कोणी जाते का जी? ना दवाखाना, ना सेवा कराची संधी, ना एक शब्द. सगळे म्हणतात, पुण्यवान माणूस, सुखाचं मरण. तुमचं सुखाचं असेल. मले तर राग आला होता, अजूनही येते.

आता हसाची गोष्ट सांगते. तुमची बहीण, लाखनीच्या कौसाबाई, तेरवीपर्यंत इथंच होत्या. तुमच्या खाटेपाशी दिवा लावला होता. रिवाजाप्रमाणे एका रात्री दिव्याखाली तांदळाचं पीठ पसरलं, वर टोपली झाकली. सकाळी टोपली उचलायची अन् पिठात कोणाचे पाय उमटले ते पाहायचं, म्हणजे गेलेला माणूस कोणत्या जन्माले गेला ते समजते. सगळं बरोबर केलं कौसाबाईनं, फक्त टोपली घेतली ते तुमची मासोळीची. धुतलेली होती म्हणा. पण जन्मभर त्या टोपलीत मासोळी राहिली, धुऊन काय होते?

सकाळी पाहतो तर टोपली उलटी, अन् पीठभर मांजरीचे पाय.

"शेवंता वं," कौसाबाई खालीच बसल्या, "माझा भाऊ मांजर झाला."

शेजारचे पांडूबुवा वाकून पाहू लागले अन् म्हणाले, "पण बाई, हे पाय दोन मांजरीचे दिसतात." कौसाबाईनं डोळे पुसले अन् म्हटलं, "माझा भाऊ काय लहान माणूस होता का? एका मांजरीत मावणार कसा?" मी पदर तोंडात कोंबला. लोकाले वाटलं, बाईले हुंदका आला.

अन् मग पाहाचं होतं तुमी. याच कौसाबाई झिंगीले चपलीनं हाणत होत्या, आता तिले वाटीत दूध. शिंगाडीलेही, भावाचा कोणता अर्धा कोणत्या मांजरीत ते ठाऊक नाही म्हणून. लाखनीची बस पकडताना मले बजावून गेल्या, "माझ्या भावाले खोलीच्या बाहेर नको ठेवू वं. त्याच्या खाटेवर झोपू दे."

मी म्हटलं, "बाई, तुमच्या भावानंच मांजर खाटेवर घेऊ दिली नाही. त्यांचा शब्द कसा मोडू?"

पाहा कशी उलटी गंगा. तुमी होते तेव्हा तुमचा एक शब्द मी सरळ ऐकला नाही. तुमी गेल्यावर वाटलं, माणसाचा एवढा तरी शब्द राखावा. तुमची खाट तशीच ठेवली, मच्छरदाणी वर गुंडाळून. रात्री एकटी बाई म्हणून दाराले कडी लावू लागली. कडी लागली का बाहेर दोघी रडत, दार खरवडत. मी आतून म्हणे, "जा वं, मालक रागावते." त्या काही जात नव्हत्या. त्याही जाग्या, मीही जागी. कितीदा कडीपर्यंत हात गेला अन् तुमचं तोंड आठवून मागं आला.

झोप गेली ते गेलीच. दिवसा भाजी चिरता चिरता डुलकी लागे. मुन्नाले फोनवर आवाजावरून समजलं.

"आई, तू झोपून नाही राहिली," तो म्हणे. "एकटीनं तिथं राहणं तुले जमत नाही. नागपूरले चाल. पावसाचं पाणी लागाच्या आधी मी घ्याले येतो."

"अन् मांजरी?"

"देऊ ना शेजारी कोणाले."

पोरगा चांगला आहे, सूनही चांगली आहे. पण तिसऱ्या मजल्यावर मी काय करू जी? खिडकीतून पाहिलं तर दुसऱ्याची खिडकी. इथं निदान ओट्यावरून तलाव दिसते. तरी हो म्हटलं. झोप नसली का माणसाची हिंमत पहिले जाते, हे मले आता समजलं. या रविवारी गाडी घेऊन येणार होता तो.

म्हणून आज सामान धुवाले काढलं. माझी मच्छरदाणी धुतली, तुमची काढली. तुमची मच्छरदाणी मी कधी धुतलीच नव्हती. तुमी हातच लावू देत नव्हते. "तू पिळून पिळून चिंध्या करते," म्हणून जाळ्यासंगं तलावावर नेत होते. मी बायाले मोठ्या तोऱ्यात सांगे, माझा मालक आपले कपडे नाही धुवत पण मच्छरदाणी धुवते.

तारेवर वाळू घातली अन् पाहते तर पायाकडच्या बाजूले, खालीच, निळं काहीतरी लोंबते. तुमच्या जुन्या जाळ्याचा तुकडा. सदऱ्याच्या बाहीसारखा गोल शिवलेला, आतल्या बाजूले तोंड निमुळतं. म्हटलं, हे काय ठिगळ आहे? हात घातला तर सहज आत गेला. बाहेर काढाले गेली तर मूठ अडकली.

तिथंच उभी राहिली मी, हात मच्छरदाणीत. हे तोंड मी ओळखत होती. आपल्या मासे धराच्या बांबूच्या पिंजऱ्याले असतं तेच तोंड. मासोळी आत जाते, बाहेर येत नाही. गाठीही तुमच्याच, दोनदा फिरवून मधून काढलेल्या. अन् त्या गाठीत झिंगीचे पिवळे केस अन् शिंगाडीचे काळे.

मुन्नाचे बाबा, तुमी मांजरीसाठी मच्छरदाणीले दार केलं होतं!

मी हसली. अशी हसली की शेजारची मंदा हातातलं सूप टाकून धावत आली. तिले वाटलं, मी रडून राहिली. रडतही होती म्हणा, पण पहिले हसली.

आता एकेक गोष्ट जुळून राहिली. "दाराले कडी नको लावू, हवा येऊ दे," कायची हवा? तुमच्या बनियनवरचे केस, तुमी म्हणत पांडूबुवाच्या बकरीचे. अन् ते पहाटे उठणं! मी उठाच्या आधी तुमी खाटेवरून उतरलेले, "तलाव पाहून येतो." साऱ्या गावात नाव, बुढा किती मेहनती. मेहनती कसला? जन्मभर पिंजरे विणणाऱ्या माणसानं दार केलं तर तेही आत जाचंच केलं, बाहेर निघाचं राहिलं. दोघी आत येत अन् अडकून बसत. मी उठाच्या आधी कैदी सोडाले उठत होते तुमी.

मले काहून नाही सांगितलं जी? हरलो म्हणाले इतकं जड जात होतं? मी ते भांडण जिंकून बसली होती अन् मलेच पत्ता नाही. तुमी समोर असते तर हे निळं ठिगळ गळ्यात घालून साऱ्या गावातून फिरवलं असतं. मग जेवाले वाढलं असतं, मीठ टाकून.

अन् एक गोष्ट मनातून जात नाही. त्या पिठाच्या रात्री खोलीचं दार उघडं होतं. मी समजत होती, दोघी टोपलीच्या वासानं आल्या. आता वाटते, त्या रोजच्यासारख्या तुमच्या खाटेवरच आल्या असतील. मच्छरदाणी वर गुंडाळलेली, खाट रिकामी. मग तुमचा वास जिथं सापडला, त्या टोपलीत तुमाले शोधत राहिल्या. अन् मी त्याच दोघीले इतके दिवस बाहेर ठेवलं, तुमचा शब्द राखते म्हणून. तुमचा शब्द तर तुमीच कधीचा मोडून ठेवला होता.

मुन्नाले फोन केला. म्हटलं, "रविवारी गाडी आण, पण मले न्याले नको, जेवाले या. झिंगे करते." तो म्हणे, "आई, झोपेचं काय?" म्हटलं, "तुझ्या बापानं सोय करून ठेवली आहे." कौसाबाईले काही सांगणार नाही. बसनं येणाऱ्या जाणाऱ्याच्या हातून त्या खव्याचा पेढा पाठवून राहिल्या भावासाठी, तो बंद कायले पाडू?

तर आता शब्द माझा ऐका. आजपासून मी तुमच्या खाटेवर झोपणार, तुमच्याच मच्छरदाणीत. दाराले कडी नाही. पायाकडची जागा दोघींची, त्यात मी पाय पसरणार नाही. मंदा म्हणे, "काकू, आता एक बाहेर निघाचंही दार शिवून टाका, म्हणजे पहाटेची कटकट नाही." नाही म्हटलं. ते मी कधी शिवणार नाही. तुमच्यासारखं मलेही पहाटे कोणासाठी तरी उठाले पाहिजे.

तुमची भांडखोर,
शेवंता