पुढच्या खोलीसाठी शंभर चाली

सोमवार, ३ जून. सकाळ.
माझ्या खिडकीच्या दांडीवर वन्संचे मोजे वाळताहेत. ओले. थेंब सरळ माझ्या उशीवर. नव्या वहीत आधी काहीतरी शुभ लिहावं म्हणतात. लिहीन, मोजे उतरल्यावर.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. त्यांची बिल्डिंग पाडायला काढली, म्हणून आठ दिवसांपूर्वी दोन बॅगा आणि एक टॅब घेऊन इथं आल्या. आता कायमच्या. लहानपण याच घरात गेलं म्हणून पुढची खोली मागतात. पुढच्या खोलीला रस्त्याकडची खिडकी, ऊन, वारा. चाळीस वर्षं मी तिथं झोपते. मागच्या खोलीतून शेजारच्या बिल्डिंगचे सांडपाण्याचे पाइप दिसतात. मी चौथीपर्यंतच शिकले, पण पाइप आणि रस्ता यातला फरक मला कळतो.

संध्याकाळ.
वन्सं टॅबवर राज्य करतात. गेम आहे. सुरुवातीला एक बिऱ्हाड मिळतं आणि राखणीला एक सोटेवाला. बिऱ्हाड एका जागी बसवलं की गाव होतं. मग एका गावाची दहा करायची. बोटं चपळ लागत नाहीत. एक चाल आपली, एक समोरच्याची, बसा आरामात.

मी मागं उभं राहून पाहिलं. शी! कुठंही गावं, कशीही. म्हटलं, वन्सं, इतका ढिसाळ संसार मी उभ्या जन्मात पाहिला नाही. त्या म्हणाल्या, मग तू करून दाखव की वहिनी. म्हटलं, दाखवते. त्या म्हणाल्या, शंभर चाली. शेवटी जिच्या राज्यात माणसं जास्त, तिची पुढची खोली.

मुलगा जेवता जेवता म्हणाला, आई, नाही म्हण.
म्हणून हो म्हटलं.

मंगळवार, ४ जून.
निश्चय: घाई करायची नाही. घाईनं झालेलं मला आजवर काही आवडलेलं नाही. माझं लग्नसुद्धा.

कुठलं बटण कशाचं ते सुनेनं दाखवलं. ती घरीच शाळेचे युनिफॉर्म शिवते, मशीन हॉलमध्ये, त्यामुळे तिला हॉलमधलं सगळं दिसतं आणि सगळ्यावर मत असतं. म्हणाली, आई, उभ्या आहात तिथंच पहिल्या चालीला गाव बसवा. म्हटलं, जागा न बघता? मी भाड्याची खोली बघायला गेले तरी आधी नळ सोडून बघते.

रोज दहा चाली ठरल्या आहेत. आजच्या माझ्या:
पहिली. नदीकाठ, हिरवागार. म्हणजे डास. बिऱ्हाड उचललं.
चौथी. टेकडी. चढ कोण चढणार?
सहावी. गायी. म्हणजे शेण, म्हणजे माश्या. शी. पुढं.
नववी. दलदल. ती बघूनच चहा नको झाला.

वन्संनी पहिल्याच चालीला गाव बसवलं. आठव्या चालीला दुसरं बिऱ्हाड काढून माझ्या डासांच्या नदीकाठी आणून टाकलं. राहा म्हणावं डासांत.

बुधवार, ५ जून.
सापडली! जमीन पार वरच्या टोकाला. पांढरीशुभ्र. चिखल नाही, गवत नाही, जनावर नाही. जगात कोणाला दिसली नव्हती, मला दिसली. चौदाव्या चालीला गाव बसवलं.

सून मशीनवरून उठून आली. म्हणाली, आई, तो बर्फ आहे. म्हटलं, दिसतंय मला. स्वच्छ तर आहे? ती म्हणाली, तिथं काही पिकत नाही. म्हटलं, पिकतं तिथं किडे होतात.

वन्संची तीन गावं झाली. एकालाही वळण नाही.

गुरुवार, ६ जून.
गेम म्हणतो, माझ्या गावात नवीन माणूस यायला अजून चाळीस चाली लागतील. येऊ दे सावकाश. सावकाश वाढलेलं टिकतं. वन्संकडे दर तीन चालींना कोणीतरी जन्मतं. लाज नाही.

सून म्हणते, दुसरं बिऱ्हाड काढा, पसरा, आत्ताच वेळ आहे. बिऱ्हाड काढलं की गावातलं एक माणूस कमी होतं. घरातली माणसं कमी करून बाहेर घालवायची, हे कुठलं शहाणपण? मी एकच मुलगा वाढवला आणि जवळ ठेवला. लिफ्ट दुरुस्त करतो. मागं त्याला दुसऱ्या शहरात मोठ्या कंपनीनं बोलावलं होतं. नेमकी माझी तब्येत तेव्हाच बिघडली आणि त्यानं नाही सांगितलं तशी सुधारली. योगायोग. आज काय बिघडलं त्याचं?

एवढं बोलले तर सुनेची मशीन थांबली. मग एकदम जोरात सुरू झाली.

शुक्रवार, ७ जून.
मला लागणाऱ्या वेळावरून बोलणी. वन्सं बटण दाबतात आणि मोकळ्या. माझ्या एका चालीला पाऊण तास लागतो. आज माझ्या सहा चालींत त्यांनी स्वेटरची अख्खी बाही विणली. म्हणाल्या, वहिनी, तुझ्या कृपेनं हिवाळ्याची तयारी झाली.

मुलानं विचारलं, एकच गाव आहे, त्यात पाऊण तास करतेस काय? म्हटलं, बघते. गावावर लक्ष लागतं. धूर नीट निघतोय का, कडेला काही सांडलंय का. तो म्हणाला, आई, ते चित्र आहे. म्हणे चित्र. तुझ्या बापालाही घरातलं सांडलेलं कधी दिसलं नाही.

शनिवार, ८ जून.
मोठा बेत. आता गावं मोजत बसणार नाही. मनोरा बांधणार. अख्ख्या जगात एकीलाच बांधता येतो. तीस चाली लागतील. मनोरा झाला की माणसं आपण होऊन येतात, असं गेममध्येच लिहिलंय. वन्सं गावोगाव वणवण फिरल्या, माझ्याकडे लोक चालत येतील. याला म्हणतात डोकं. एक्केचाळिसाव्या चालीला पाया घातला.

सून म्हणाली, राखणीला दोन शिपाई करा आधी. म्हटलं, शिपाई खातात.

रविवार, ९ जून.
वन्संचे पाच शिपाई माझ्या गावाभोवती येऊन उभे राहिले. घाबरल्या! मनोऱ्याची कुणकुण लागली असणार. पण अंगावर यायची हिंमत नाही. नुसते उभे आहेत, तोंडं बाहेरच्या बाजूला करून.

उत्तरेकडून दरोडेखोर आले होते, ते शिपाई बघून परत गेले. मुलगा म्हणाला, आत्या तुला सांभाळतेय. मला! सुट्टीचा दिवस, उन्हाचा त्रास होतो काहींना.

त्यांच्या गावांतून माझ्याकडे धान्याची गाडी आली. ठेवून घेतली. खंडणी आहे.

सोमवार, १० जून.
गावात दोन माणसं झाली! सगळ्यांना सांगितलं. वन्संनी विणता विणता विचारलं, बारसं कधी? त्यांची सात गावं, माणसं किती ते विचारलं नाही. गर्दीची मला किळस आहे.

मनोरा होतच आला. मागच्या खोलीला कुठला रंग दिला तर वन्संना बरा वाटेल, ते मुलाला विचारून ठेवलं. उगीच त्यांना वाईट वाटायला नको.

मंगळवार, ११ जून.
थू.

मनोऱ्याची एक चाल उरली होती. एक. तेवढ्यात टॅबवर वाजंत्री वाजली. मला वाटलं माझ्यासाठी. बघते तर वन्संचा मनोरा. माझे दगड, माझ्या एकोणतीस चाली, सगळं मातीत. मातीत तरी कसलं, बर्फात.

वन्सं म्हणाल्या, अगो बाई, तू पण तेच बांधत होतीस? मला वाटलं तुझं गाव झोपलंय. मी सहा चालींत उरकला. सहा चालींत! नऊ गावांचे लोक लावले म्हणाल्या. उरकलेला मनोरा कसा असणार? शी.

दुपारी जेवले नाही. म्हणजे भातच खाल्ला.

बुधवार, १२ जून.
सुनेला म्हटलं, त्या मनोऱ्यानं घात केला, नाहीतर जिंकत होते. तिनं टॅब हातात घेतला, नकाशा इकडून तिकडे सरकवून बघितला. मग म्हणाली, आई, मनोऱ्याचं काही नाही. तुम्ही दहाव्या चालीलाच हरला होता. पुढच्या नव्वद चाली नुसतं कळायचं राहिलं होतं. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी कापड कापायला घेतलं तर मी तरी काय शिवणार?

चार शर्टांची कॉलर उलटी लावलेली मी स्वतः पाहिली आहे हिची. आणि मला शिकवते.

तरीही उद्यासाठी नवा बेत केला आहे. दहा चाली शिल्लक. दहा चालींत काय नाही होत? आता मी पसरणार. बिऱ्हाडं काढणार, गावामागून गाव. वन्सं गाफील आहेत. आज बसल्या जागी घोरत होत्या.

गुरुवार, १३ जून.
गावात तीन माणसं झाली होती. एक काढून बिऱ्हाड केलं. मागं उरली दोन. बिऱ्हाड घेऊन निघाले.

नदीकाठ: वन्सं. टेकडी: वन्सं. गायी: वन्सं. ती दलदलसुद्धा उपसून तिथं वन्संनी बाजार बसवलाय. जिथं पाय ठेवावा तिथं त्यांची हद्द. आठ चाली माझं बिऱ्हाड पोरंबाळं घेऊन कडेकडेनं हिंडलं. कुठंही चाललं असतं. दलदलही चालली असती.

नव्याण्णवाव्या चालीला मी कधी नव्हे ते पटकन बटण दाबलं. वन्संनी सुई खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

निकाल: वन्सं एकशे सतरा. मी दोन. बिऱ्हाडातलं माणूस धरत नाहीत. त्याला गाव नाही म्हणून.

शुक्रवार, १४ जून. सकाळ.
मुलानं माझी खाट मागच्या खोलीत न्यायला घेतली. वन्सं दारात आडव्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, अगं, दोन खाटा मावतील इथं, राहा की, मलाही एकटीला झोप लागत नाही नव्या जागी. सून म्हणाली, राहा आई. मुलगा खाटेचं एक टोक धरून उभा. मी म्हटलं, मी दुसऱ्याच्या हद्दीत राहत नाही. आधी उशी बाहेर आणा माझी.

खरं बघितलं तर मला मागचीच खोली हवी होती. रस्त्याची धूळ नाही. आवाज नाही. पाइप आठ आहेत. त्यातला तिसरा गळतो.

दुपार.
दाराची बेल सकाळपासून चार वेळा वाजली. पोस्टमन, मीटरवाला, गणवेशाचं माप द्यायला आलेली एक आई, आणि तळमजल्यावरचा न्हावी, तो नुसताच. चाळीस वर्षं प्रत्येक बेलला मी उठले, कारण पुढची खोली माझी. चौघांतल्या एकानंही विचारलं नाही, आजी कुठं गेल्या म्हणून. वन्संशी बोलले, हसले, गेले. न्हाव्यानं चहासुद्धा घेतला.

पहिल्या बेलला मी अर्ध्या वाटेपर्यंत गेले होते. पाण्यासाठी.

आता सगळ्यांना एकदाच सांगून ठेवलंय, इथंही लिहून ठेवते. पुढची खोली ज्याची, दार त्याचं. बेल वाजली की वन्संनीच उठायचं. गुडघे दुखोत, ऊन लागो, झोप लागलेली असो. सुनेनं मशीन सोडून जायचं नाही, मुलानं मध्ये पडायचं नाही. आणि कोणी माझ्याबद्दल विचारलंच, तर ‘आजी आत आहेत’ हेही वन्संनीच सांगायचं.